डुगडुगणारी वीट

मावशी डोक्यात काही ठेवायची नाही, सगळं विटांवर सोपवायची. मधपेटीच्या झाकणावर वीट उभी, म्हणजे आत औषध घातलं; आडवी, म्हणजे घालायचंय. हा नियम तिनं कुणाला सांगितला नव्हता, कारण बारा पेट्या बघणारी ती एकटीच. भाची सुट्टीत येईपर्यंत तरी.

भाचीला सगळे भिंगरी म्हणत, ते उगीच नाही.

माश्यांच्या अंगाला चिकटून त्यांना पोखरणारे तांबडे माइट मारायला मावशी पेटीतल्या स्पंजवर सिरिंजनं फॉर्मिक ॲसिड सोडत होती. सात पेट्या झाल्या आणि तिच्या ताईचा फोन आला. तो काय लवकर संपतोय! तेवढ्यात सातव्या पेटीवरची वीट वाऱ्यानं डुगडुगताना भिंगरीनं पाहिली आणि अलगद आडवी केली. मावशी परतली, वीट पाहिली, पुन्हा औषध सोडलं. तोंडावर मास्क, त्यामुळे वासही कळला नाही.

दुपारी सातवीच्या दारातून माश्या भळाभळा बाहेर आल्या. मावशी चक्रावली. उन्हानं असेल, म्हणाली. पण राणीमाशी दगावली तर पेटी गेलीच. भिंगरीनं बाकीच्या विटांकडे पाहिलं. सगळ्या उभ्या. तिनं आडवी केलेली सातवीवरचीही; म्हणजे औषध घातलं की मावशी वीट उभी करते, आणि सातवीत ते दोनदा पडलं. गप्प बसली असती तर सगळं उन्हावर गेलं असतं.

"मावशी, ती वीट मी आडवी केली होती."

दोघींनी मास्क, चष्मे, रबरी हातमोजे चढवले. मावशीनं वारा पाठीशी घेतला, चिमट्यानं स्पंज उचलला आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. मग एवढंच म्हणाली, "खोली आवरताना कुठं जातो गं हा नीटनेटकेपणा?"

आता तीन दिवस पेटी उघडायची नाही, असं बजावलं. भिंगरीचे ते तीन दिवस अंगणात येरझाऱ्या घालण्यात गेले. पेटीला कान लावायची, जेवता जेवता उठायची, पुन्हा कान लावायची.

चौथ्या दिवशी मावशीनं पेटीतली पोळ्याची चौकट तिच्याच हातात दिली. राणीनं ताजं घातलेलं अंडं मेणाच्या घराच्या तळाशी उभं असतं, तिसऱ्या दिवशी ते आडवं होतं; उभं दिसलं तर राणी जिवंत, असं सांगितलं. भिंगरी एकेका घरात डोकावत गेली. रिकामं. आडवं. आडवं. पुन्हा रिकामं. मग एका कोपऱ्यात, तांदळाच्या कणीहून बारीक, उभं. शेजारी आणखी एक.

तिनं चौकट मावशीपुढे धरली. जागच्या जागी उड्या मारायला लागली.

"हलवू नकोस," मावशी म्हणाली, "आणि मग घरातून खडू घेऊन ये. विटांचं काय ते झाकणावरच लिहून टाकू."