माझ्यातून गळलेला आवाज

मी हेडफोन. गाण्यांच्या स्टुडिओत, काचेपलीकडच्या खोलीत, माइकशेजारच्या खुंटीवर सहा वर्षं टांगलेला होतो. आता तुटक्या वायरींच्या खोक्यातून बोलतोय, आणि तक्रार करायलाच बोलतोय. गोड आठवणी हव्या असतील तर दुसरं कुणीतरी बघा.

कारखान्यातून आलो तेव्हा माझ्या उशा काळ्या कुळकुळीत होत्या. घामाने त्यांची सालं निघाली. गाणाऱ्यांच्या कानांना फार घाम येतो. नाव जेवढं मोठं तेवढा जास्त, हा माझा अनुभव.

माझं काम सांगतो, कारण बाहेर ते कुणी सांगत नाही. मोठ्या गायकांना चाल पाठ करायला वेळ नसतो. म्हणून आधी दुसराच एकजण अख्खं गाणं गातो. मग मोठे गायक मला कानाला लावतात आणि त्याचा आवाज ऐकत त्याच्यामागून गातात. काम झालं की पहिला आवाज पुसला जातो. त्या पहिल्याला सगळे 'डमी' म्हणतात. तोंडावर. "डमी आला का?" "डमीला चहा सांगा."

आमचा डमी सकाळी घरोघरी पाण्याचे जार पोचवायचा, नंतर पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायला दारं वाजवायचा आणि मध्ये मिळेल त्या तासात इथे यायचा. जिने चढून धापा टाकत असायचा. मला कानाला लावलं की ती धाप कुठे जायची कोण जाणे. एकेचाळीस गाणी गायला. एकातही तो नाही. खोली रिकामी असली की मला त्या पुसलेल्या ओळी ऐकू यायच्या. माझी वायर काढून ठेवलेली असायची, तरीही.

तो थोरल्या बहिणीकडे राहायचा. ती शिवणकाम करायची. तिने त्याला निर्वाणीचं सांगितलं होतं, "या वर्षात एका तरी गाण्यात तुझा आवाज मला ऐकव. नाहीतर मुकाट्याने भाऊजींच्या रंगाच्या दुकानात बस."

वर्ष संपत आलं होतं तेव्हा ते गाणं आलं. मोठे गायक माइकसमोर उभे राहिले. "आवाज वाढव." रेकॉर्डिस्टने वाढवला. "अजून." माझी उजवी उशी फाटली होती. डमीचा आवाज त्या फटीतून गळत राहिला आणि समोरच्या माइकने तो टिपला.

गायक गेले. रेकॉर्डिस्टने सवयीने डमीचा आवाज पुसला आणि मला कानाला लावून गाणं ऐकायला बसला. दुसऱ्या कडव्यात मोठे गायक श्वास घ्यायला थांबले, आणि त्या पोकळीत कुणीतरी गात राहिलं. चहाचा कप त्याच्या ओठांपाशीच थांबला. त्याने संगणकाचा पडदा तपासला. पुसलेलंच होतं. मग त्याचं बोट माझ्या फाटक्या उशीवर आलं. त्याने डमीला फोन केला. "उद्या ये. तू राहिलायस गाण्यात. मी काही काढत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी डमी बहिणीला घेऊन आला. तिच्या डोक्यावर त्याने मला नीट बसवलं.

"हे गाणारे टीव्हीवरचे ना? मग तू कुठायस?"

"थांब गं ताई, येतोय."

"येतोय म्हणजे? घरून निघालायस का अजून?"

मग दुसरं कडवं आलं. तिने मला दोन्ही हातांनी कानांवर दाबलं. सुया टोचून खरबरीत झालेली बोटं. "अरे, हा तर तूच. किती लांबून गातोयस रे." तीनदा ऐकलं तिने. मग नाक ओढत म्हणाली, "दुकानाचं मी ह्यांना सांगते. तू गा."

तेवढ्यात संगीतकार आत आले. ती गडबडीने उठली. "साहेब, माझ्या भावाचा आवाज ठेवलात, मोठेपणा तुमचा. नावही घालाल ना?"

"घालू की," संगीतकार हसून म्हणाले.

बहीणभाऊ जिना उतरले, तसं संगीतकारांनी मला उचललं. ऐकलं. "हे काय भूत ठेवलंयस? काढ."

"निघत नाही साहेब. गायकांच्या आवाजात मिसळलंय."

"मग ते कडवं परत गाऊन घे. आणि हा फाटका हेडफोन फेक."

चाल पाठ करायला ज्यांच्याकडे वेळ नव्हता, त्यांच्याकडे एका माणसाला गाण्यातून हाकलायला दोन तास निघाले. नवा हेडफोन आला. त्याच्या उशा धडक्या आहेत. आता त्या पोकळीत काही नाही. मला मात्र तिथे अजून कुणीतरी गाताना ऐकू येतं.

शुक्रवारी गाणं बाहेर येतंय. आणि आज डमी बेचाळिसावं गातोय. पुठ्ठ्याच्या भिंतीतून मला ऐकू येतंय. इतकं चांगलं तो कधी गायला नव्हता. मघाशी पाणी प्यायला थांबला तेव्हा रेकॉर्डिस्टला म्हणाला, "ताईने सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय, दुसऱ्या कडव्यात कान द्या म्हणून." रेकॉर्डिस्ट खाली वाकून एक वायर खोचू लागला. ती घट्टच होती.

रेकॉर्डिस्ट त्याला हे सांगणार नाही. रोज ठरवतो, आणि रोज वायरी खोचतो. मला ओठ नाहीत. एकाचं गाणं दुसऱ्याच्या कानात ओतायचं एवढंच मला येत होतं, आणि माझी तर वायरही कापलीय. तुम्हाला तोंड आहे. डमी साडेचारला जिना उतरेल. त्याला खाली गाठा आणि सांगा. बायकांना घरात बोलावून ताई ते गाणं लावेल, त्याच्या आत सांगा.