पडद्यांचे रंग

तुम्ही ऐकलं होतंत. भिंतीपलीकडे डोकं आपटल्याचा आवाज आला, तेव्हा तुम्ही टीव्ही मोठा केलात. "नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडायचं?" म्हणालात. मला तर कानही नाहीत. तरी मी सगळं जपलं. मी एक फोल्डर बोलतोय, नाव 'पडद्यांचे रंग'.

माझी मालकीण घरबसल्या पडदे शिवते. 'जुनी कामं'च्या पोटात 'गिऱ्हाइकं' आणि त्याच्या पोटात मी. ज्या दुपारी नवऱ्याने तिचा दंड दाराच्या फटीत धरून दार लोटलं, त्याच दुपारी माझा जन्म झाला. तिने आरशासमोर फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला, फोनवरचा पुसला आणि तारखेपुढे लिहिलं, 'वांगी, डावा'.

पुढे 'गर्द निळा, उजवा' आला. 'शेवाळी' आला. गळ्यावर बोटं उमटली, तो 'तांबडा, चार पट्टे'. दवाखान्यात ती दर वेळी "पायरीवरून पडले" म्हणायची. सुटा फोटो कुणालाही पायरीचाच वाटला असता. पण माझ्यात ते तारखेने ओळीत उभे होते. अकरा वेळा पायरीवरून कुणी पडत नाही!

नवऱ्याला माझ्या जातीचाच तिटकारा. "डाळीचे डबे लावल्यासारखे फोल्डर काय लावत बसतेस? शब्द टाकला की मशीन आणून देतं."

"डबा कुठे आहे ते आपल्याला ठाऊक असलेलं बरं," ती म्हणायची.

काल सकाळी त्याने तिला आरशासमोर फोन धरलेलं पाहिलं. केस धरून तिला कॉम्प्युटरपर्यंत फरफटत आणलं आणि एका हाताने टाइप करत सुटला. 'मार'. 'जखम'. 'पोलीस'. 'वकील'. शेवटी स्वतःचंच नाव. पाच वेळा शोध माझ्या दारावरून गेला. हाती भोपळा.

"फोटो कुठे ठेवलेस?"

तिच्या तोंडात रक्त होतं. तरी म्हणाली, "शोध की! शब्द टाकला की मिळतं ना?"

त्याने इस्त्री उचलली. पहिला घाव तिच्या उजव्या हातावर बसला. सुई धरायची दोन बोटं कडकन मोडली. दुसरा घाव कॉम्प्युटरच्या पडद्यावर. काचा तिच्या केसांत उडाल्या.

"घे! गेलं सगळं!"

मूर्ख! मी पडद्यात राहत नाही. मी टेबलाखालच्या पेटीत होतो.

तो हात धुवायला गेला. तिने डाव्या हाताने वायरी उपटल्या, पेटी पोटाशी धरली आणि अनवाणी तीन जिने उतरली. एकाही पायरीवरून पडली नाही.

आता मी पोलीस चौकीत आहे, परक्या पडद्याला जोडलेला. "जुनी कामं," ती सांगते. "त्यात गिऱ्हाइकं. त्यात पडद्यांचे रंग." हवालदारीणबाई एकेक फोटो उघडताहेत. माझं मागणं एवढंच, की एक पाहून उठू नका. अकराव्यापर्यंत बघा. आणि भिंतीपलीकडच्यांनो, पुढच्या वेळी टीव्ही बंद करा.

नवऱ्यालाही आणलंय. "खोटं आहे हे, बाई!" तो ओरडतोय. "काल मी स्वतः अख्खा कॉम्प्युटर शोधला. असलं काहीच नव्हतं त्यात!"

हवालदारीणबाईंनी मान वर केली.

"काहीच नव्हतं, तर शोधत काय होतात?"