डाव्या डोळ्याखालची रेघ

दुधाची घागर शिळेवर रिती झाली आणि शेंदूर सुटायला लागला. "आई शेंदराची खोळ टाकतीय," मागून कोणीतरी म्हणालं, आणि अख्खा मांडव पुढे सरकला. शेंदराचा लाल गाळ घळाघळा खाली आला. काळ्या दगडात देवी दिसली. हिरवी साडी, नथ, मुकुट, सगळं रंगीत आणि लख्ख. बायकांनी पदर पसरले. खडकवासल्याच्या वाटेवरचं आमचं गाव महापालिकेत गेलं, शेतांच्या जागी इमारती आल्या. पण दर पौर्णिमेला देवी दगडातून बाहेर येते म्हटल्यावर त्या इमारतींतले कंप्युटरवालेही लिफ्टने उतरून रांगेत उभे होते.

कोंडीराम महाराज माइक सोडायला तयार नव्हते. "या, शहाण्यांनो, या. दुधानं धुवा, पाण्यानं धुवा, नारळाच्या शेंडीनं घासा. माणसानं भरलेला रंग असता तर कवाच गेला असता. आन् बघा आईच्या डाव्या डोळ्याखाली. काजळ ओघळलंय. लेकरांच्या डोळ्यांसाठी आई रडती हाय. हे तीर्थ डोळ्याला लावा, डॉक्टरचे थेंब बंद करा, चष्मा मुठा नदीत सोडून द्या."

मुठेचं सध्याचं पाणी आठवून मला चष्म्याची दया आली.

पण हसण्यासारखी परिस्थिती नव्हती. रांगेत माझी थोरली बहीण उभी होती. विजयमाला, आमची आक्का. तिला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची तर थेंब रोज, जन्मभर.

"आक्का, थेंब घालतेस ना?" मी विचारलं.

"तीर्थ लावते की."

"मी थेंबांचं विचारतोय."

"दोन्ही चालत न्हाई, सुदर्शन. महाराज म्हणत्यात, थेंब घातलं की आईवरचा भरवसा कमी पडतो." पावसाळा लागला तेव्हापासून तिने थेंब बंद केले होते, आणि मला हे आज कळत होतं.

मी पुढे जाऊन ती काजळाची रेघ बघितली. काजळ ओघळलं तर डोळ्यापासून ओघळेल. ही रेघ मुकुटातून निघत होती, डोळ्यातून, गालावरून, साडीवरून थेट पायापर्यंत, पट्टीने आखल्यासारखी. "महाराज, मुकुट कशाला रडतो?" मी विचारलं.

"आईचं दुःख लई मोठं हाय," महाराज म्हणाले. लोक मला हसले.

माझा धंदा सांगतो. छापखानेवाल्यांना मी मशीन तपासून देतो, घ्यावी की नाही ते सांगतो. सध्या सगळ्यांना यूव्ही फ्लॅटबेड हवी असते. तिला कागद लागत नाही. टेबलावर लाकूड, काच, फरशी, काय हवं ते आडवं ठेवा, ती थेट त्यावर छापते. शाईचे बारीक थेंब पडतात आणि मागोमाग अतिनील दिवा त्यांना जागच्या जागी घट्ट करतो. मग ते पाण्याने जात नाहीत, दुधाने तर नाहीच नाही.

पौर्णिमेनंतर श्रीनिवासराव मला नऱ्ह्याला एका मशीन विकणाऱ्याकडे घेऊन गेले. त्यांचा शनिवार पेठेत छापखाना आहे आणि त्यांना जुनी मशीन घ्यायची होती. मी नेहमीप्रमाणे आधी चाचणी काढली. शाईचं प्रत्येक छिद्र आपापली छोटी रेघ काढतं, एखादं बुजलं असेल तर तिथे रिकामं राहतं. पांढऱ्या शाईतलं एक छिद्र बुजलेलं होतं; काळ्या दगडावर रंग उठायला खाली पांढरा थर लागतो, तो जिथे पडत नाही तिथे दगडाचा काळा रंगच दिसतो. मग काळ्या फरशीवर चित्र छापून पाहिलं, तर वरपासून खालपर्यंत एक सरळ काळी रेघ.

"अहो, ही रेघ मशीनबरोबर फुकट देता की वेगळे पैसे?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

मशीनवाला ओशाळला. "देवीच्या शिळेला चालली की ती. देवस्थानच्या ट्रस्टवाल्यांनी तक्रारसुद्धा केली नाही." आणि त्याने कोपऱ्यातून नमुन्याची शिळा काढून दाखवली. तीच देवी, तीच साडी, डाव्या डोळ्यातून तीच रेघ. बुजलेल्या छिद्राला महाराजांनी आईचं काजळ केलं होतं, आणि त्या काजळापायी माझी बहीण आंधळी होत होती. मला इतका संताप आला की मशीनचं काय करायचं ते सांगायचंच राहिलं. ती शिळा मी मागून आणली.

राहिला शेंदूर. आपल्याकडे देवाला शेंदूर लावतात तो तेलात कालवून. घरोघरी माहीत आहे. तेलातल्या शेंदराला दूध काय करणार? तो दुधाने सुटला, म्हणजे तेलातला नव्हताच. मी शेंदूर गोंदाच्या पाण्यात कालवला, शिळेवर थर दिला, वाळवला.

पुढच्या पौर्णिमेला मांडवासमोरच टेबल टाकलं. लोकांना मशीन समजावली, गोंद दाखवला आणि सगळ्यांदेखत दूध ओतलं. शेंदूर सुटला. देवी दिसली, रेघेसकट. गावातले सगळ्यांत वयस्कर गेनबा पुढे आले, वाकून बघून म्हणाले, "तीच हाय."

मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात माइक खरखरला. "दुसरी प्रगटली," कोंडीराम महाराज म्हणाले. "सुदर्शनरावांसारख्या नास्तिकाच्या हातून करून घेतलं आईनं. दर्शन घ्या."

आणि लोक माझ्या टेबलाला रांग लावायला लागले. मी शाई म्हणत होतो, दिवा म्हणत होतो, गोंद म्हणत होतो. एका बाईने माझ्याच कपाळाला कुंकू लावलं. टेबलावरून गळणारं दूध लोक बाटल्यांत भरून नेत होते, डोळ्यांना लावत होते. "अहो, ते तीर्थ नाही, गोंद आहे त्यात," मी ओरडलो. "असू द्या," एक गृहस्थ नम्रपणे म्हणाले, "आपण फार मोठं काम केलंत." त्यांच्या हातातून बाटली ओढून घ्यावीशी वाटली. घेतली नाही. किती जणांच्या घेणार?

आक्का त्या दिवशी मांडवात आली नव्हती. तिला आता वाट दिसत नव्हती, एकटीला चालता येत नव्हतं. मी शिळा पुसून तिच्या घरी नेली आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आण हिकडं." तिने बोटं फिरवली. यूव्हीची शाई दगडावर किंचित वर उचललेली असते, हाताला लागते. फिरता फिरता तिचं नख थांबलं.

"मांडवातल्या आईलाबी हितंच नख अडकतं."

"अडकणारच, आक्का. तिथे पांढरी शाई पडलेलीच नाही."

"म्हंजे रडत न्हाई ती?"

"नाही."

आक्काने शिळा बाजूला सरकवली. अख्ख्या गावाला जे डोळ्यांनी दिसलं नाही ते तिला पटलं होतं, आणि माझा आनंद कुठे ठेवावा ते मला कळेना. मग ती म्हणाली, "थेंब आण. आजपास्नं घालते. किती दिसांत दिसाय लागंल?"

आदल्या दिवशीच मी तिला जबरदस्तीने दाखवून आणलं होतं आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. डावा डोळा पूर्ण गेला. उजव्यात थोडं उरलंय.

देव मानायचा तर माना, माझं त्याबद्दल काहीएक म्हणणं नाही. पण कोणी औषध बंद करा म्हणालं की तिथून उठा. चमत्कार खरा की खोटा ते सावकाश तपासा, थेंब आधी घाला. हात जोडून सांगतो.

आक्काच्या उजव्या डोळ्यात आता मी रोज थेंब घालतो. मग ती मान वळवते आणि डावा डोळा पुढे करते. मी त्यातही घालतो.