उरलेल्या दोन हाका

आमच्या गावात पहिल्या हाकेला ओ देणारी बाई एक तर नवी सून असते, नाहीतर बाहेरगावची. मी दोन्ही होते. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी चूल दाखवायच्या आधी हे शिकवलं. शेतात, नाल्यावर, कुठेही घराबाहेर असताना कोणी नाव घेऊन हाक मारली तर तोंड मिटून उभं राहायचं. दुसरी आली तरी गप्प. तिसरी आली की मग खुशाल ओ द्यायची. तिसरी हाक माणसाची असते. पहिल्या दोन हाक्याच्याही असू शकतात.

हाक्या म्हणजे आमच्या सातपुड्यातला. शिरपूर सोडून वर यायला लागलं की समोर जो डोंगर दिसतो ना, तिथला. वरच्या पाड्यांवरचे लोकही त्याचं सांगतात, त्यांचा हाक्या थोडा जास्त केसाळ असतो एवढंच. त्याला स्वतःचा आवाज नाही. तो आपल्याच माणसाचा आवाज काढतो आणि हाक मारतो, पण दोन हाकांत त्याचा दम संपतो. फसून ओ दिली तर तो खात नाही की मारत नाही. सासूबाई म्हणायच्या, तो एकटा पडलेला आहे बिचारा, त्याला फक्त कोणीतरी ओ द्यायला हवं असतं. मात्र ज्याने ओ दिली तो पुढे जन्मभर आपलं माणूस शोधत हिंडतो. मी मनात म्हणायचे, काय एकेक डोक्यात भरून ठेवलंय यांनी. पण तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायची सवय मलाही लागली. सगळं गावच थांबतं, तिथे मी एकटीने शहाणपण कुठे दाखवू?

शहाणपण दाखवलं ते माझ्या जेठांनी. पितांबर नाना, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. नशिराबादला शाळेत मास्तर होते, घर जळगावला. माणूस सोन्यासारखा, पण मास्तरकी अंगात मुरलेली. सुट्टीत गावी आले की हाक्यावरून सगळ्यांना फैलावर घ्यायचे. आमचे हे, झुलाल, खाली मान घालून ऐकायचे. हो नाना, खरं आहे नाना. आणि दुसऱ्या दिवशी केळीत गेले की पुन्हा तिसऱ्या हाकेची वाट बघणार.

सासरे गेले त्याच्या पुढच्या आखाजीची गोष्ट. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतो, पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण करतो. आबांची पहिलीच घागर, म्हणून भाऊबंद जमलेले. जेवणं झाल्यावर अंगणात गप्पांत हाक्या निघाला. नाना हसून उठले आणि कुठेतरी गेले. थोड्या वेळाने गोठ्यामागून आवाज आला. "झुलाल." हुबेहूब आबांचा. नानांचा गळा बापावरच गेलेला. ह्यांच्या हातातला पेला तसाच राहिला. दुसरी हाक आली, तरी हे जागचे हलले नाहीत. तिसरी आली आणि हे उठले, "ओ आबा" म्हणत अनवाणी गोठ्याकडे धावले. डोळ्यांतून धारा. गोठ्यामागून नाना बाहेर आले आणि म्हणाले, बघा, तिसरी हाकही मीच मारली, आबांनी नाही, कुठे गेला तुमचा नियम? पोरं खो खो हसली. मोठीही हसली.

नानांच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण बापाच्या घागरीचं पाणी वाळलं नव्हतं. असली चेष्टा करतं का कोणी? हे तसेच शेतात गेले ते नाना गावातून गेल्यावरच परतले. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद. फोन आला तर उचलायचा नाही, लग्नकार्यात समोर आले तर पंगत बदलायची. मी किती वेळा समजावलं, भांडले, जेवायला वाढलं नाही. दगडाला पाझर फुटेल, ह्यांना नाही. पण भूपेंद्र, आमचा मुलगा, पुण्याहून आला की हळूच विचारायचे, जळगावला जाऊन आलास का, नानाची तब्येत कशी आहे. म्हणजे जीव तिकडेच होता.

मागच्या हिवाळ्यात एकदा हे दुपारी शेतातून लवकर आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, केळीत हाक ऐकू आली, आबांच्या आवाजाची. मी विचारलं, किती? एकच, म्हणाले. हे विहिरीजवळ उभे होते. पुढच्या दोन हाकांसाठी कान लावून थांबले आणि तेवढ्यात लाईट आली. आमची विहिरीवरची मोटार जुनी, लाईट आली की आपोआप सुरू होते आणि असली घरघरते की शेजारी उभं राहून ओरडलं तरी कळत नाही. स्टार्टर पलीकडच्या खोपीत, ह्यांनी धावत जाऊन बंद केली तोवर बराच वेळ गेला, आणि मग सगळं शांत होतं. बांधापर्यंत जाऊन आले. कोणी नाही.

संध्याकाळी फाट्यावर चहाची टपरी चालवणारा रुपचंद आला, तेव्हा उलगडलं. म्हणाला, नानांची गाडी आली होती ना दुपारी? तुमच्या शेताच्या रस्त्याला उभी होती. लेक चालवत होती. आले तसे परत गेले.

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, भाऊ दारापर्यंत आला, आता उद्या सकाळी जळगाव गाठा. पण ह्यांचा चेहरा कडक झाला. "एकच हाक मारी त्यानी," म्हणाले. "माले म्हाईत शे, मुद्दाम एकच मारी. आखो दोन हाका बाकी शेतस त्यान्या. मारू दे, मंग जासू मी."

म्हणजे नानांनी इथे येऊनही आपला हट्ट सोडला नाही, हाक्याला मानत नाही हे दाखवायला एकच हाक मारून निघून गेले, असं ह्यांनी धरलं, आणि उरलेल्या दोन हाका आल्याशिवाय जायचं नाही असं ठरवलं. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. नाना तसे होतेच. तरी मी नानांच्या मुलीला, भूमिकाला, फोन लावून पाहिला. जेठांशी मी कधी तोंड उघडून बोलले नाही, आमच्यात तशी रीत नाही. भूमिकाने फोन उचलला नाही. परत लावला, तरी नाही. मला राग आला, म्हटलं बापाचंच रक्त. मग केळीची कापणी आली, ट्रक आले, मजूर आले, आणि ते राहून गेलं.

कापणी उरकली नव्हती तोच निरोप आला, नाना गेले. हृदयाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. जळगावला पोचलो तेव्हा हे नानांच्या पायांशी बसले आणि कितीतरी वेळ त्यांचा अंगठा धरून राहिले. रडले नाहीत. एवढंच पुटपुटले की दोन हाका मारायला ह्याचं काय जात होतं.

हे भूमिकाने ऐकलं. त्या वेळी उठून आत गेली. दहाव्याच्या आदल्या दिवशी मात्र माझ्यासमोर ह्यांच्याजवळ येऊन बसली.

"काका, त्यांनी तीनदा हाक मारली होती."



मग तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांकडून आल्यापासून नानांनी धोशा लावला होता, झुलालला भेटायचं. शेताच्या पाटात चिखल होता, त्यांना चालवेना. मी काकांना बोलावून आणते म्हणाली, तर नको म्हणाले. म्हणाले, त्या आखाजीला मी लपून हाक मारली होती, आता उघड्यावर उभा राहून मारीन, त्याच्या पद्धतीने, तीनदा. गाडीला टेकून उभे राहिले. दोन्ही हात तोंडाशी धरले. एक हाक मारली, श्वास घेतला. दुसरी मारली. तिसरीला खोकला आला, पण मारली. मोटारीचा आवाज तिलाही ऐकू येत होता, पण काका नेमके तिथेच उभे असतील हे तिला काय माहीत. वाट बघितली. मग नाना गाडीत बसले आणि म्हणाले, "चाल बेटा. तिन्ही ऐकू उन्यात त्याले. त्याले येवानं नही."

म्हणूनच तिने माझे फोन उचलले नव्हते. आजारी बापाला रस्त्यावर उभं करून ठेवणाऱ्या काकाशी तिला बोलायचं नव्हतं. तिची तरी काय चूक?

"माले एकच ऐकू उनी, भूमिका," हे म्हणाले. मग परत तेच म्हणाले. आणि मग लहान पोरासारखे रडले. भाऊ गेला याचं दुःख होतंच, पण भाऊ जाताना काय समजून गेला, ते आता कोण दुरुस्त करणार? जन्मभर ज्याला खुळचटपणा म्हटलं त्यापुढे तो माणूस वाकला, तिन्ही हाका मोजून मारल्या, आणि तिसऱ्या हाकेलाही सख्खा भाऊ आला नाही असं समजून गेला. मला त्या मोटारीचा राग येतो, ह्यांचा येतो, माझा येतो. राग करून काय होणार आहे म्हणा.

गावी आल्यावर ह्यांनी पहिलं काम केलं ते मोटारीचं आपोआप सुरू व्हायचं बटण काढून टाकलं. आता लाईट आली की मी जाऊन चालू करते.

यंदाच्या आखाजीला नानांची घागर इथेही भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन शेतात गेले. केळी आता डोक्याच्या वर गेल्यात, आतला माणूस दिसत नाही. बांधावरून सवयीने हाक मारली, "ओ भूपेंद्रना बाप." आमच्या पद्धतीने अजून दोन मारायच्या होत्या, म्हणून थांबले. पण पहिल्याच हाकेला आतून आवाज आला, "ओ नाना, उनू." आणि पानं मोडत, धडपडत हे बाहेर आले. मला पाहिलं.  माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं, मग डबा घेतला.

तेव्हापासून मी शेतात हाक मारत नाही. डबा घेऊन तशीच केळीत शिरते, ओळीओळीतून शोधते आणि सापडले की आधी खांद्यावर हात ठेवते.