अळूचं पाणी

आमच्या सिवानचं लग्न झालं ते साल दोन हजार. सिवान म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, सॅम्युएलदादाची नात. मुंबई सोडून आम्हा ज्यूंच्या देशात आल्यापासून रामला गावात आम्ही एकाच बिल्डिंगीत राहायचो. दादा तळमजल्यावर, मी वर.

दादाने मागच्या अंगणात न्हाणीचा जुना टब ठेवून त्यात अळू लावला होता. कंद आमच्या जुन्या गावाहून, नवगावहून आणलेले. टबात कायम पाणी. दर वर्षी हिवाळ्यातला पाऊस सरला की दादा मागच्या ओढ्यातून बारके मासे धरून त्यात सोडायचा. डासांची पिल्लं ते खाऊन टाकायचे. त्या वर्षी ओढाच उरला नव्हता. तो सिमेंटच्या पाइपात गेला, वर मोटारी उभ्या राहिल्या. मासे गेले, बेडूकही गेले.

ऑगस्टात निलगिरीखाली कावळे मरून पडू लागले. पक्ष्यांचा ताप डास माणसांत आणतात, तो मेंदूत चढतो, मान आखडते, असं रेडिओ सांगू लागला. शेजारच्या मोर्देखायला हॉस्पिटलात नेलं. मी टबात वाकून पाहिलं तर पाणी नुसतं वळवळत होतं.

“दादा, आजच टब पालथा कर.”

“आणि मेंदीला वड्या कसल्या करशील? कोबीच्या?”

“रॉकेल तरी ओत. मुंबईत ओतायचे.”

“म्हणजे पाहुण्यांना रॉकेलच्या वड्या! अगो रुबे, डासांतच वाढलो आपण नवगावात.”

“तिथे तळ्यात मासे होते.”

सिवान हिब्रूत ओरडली, “सबा, दाय!” आजोबा, पुरे.

दादा हसला. “तुझ्याच लग्नाची पानं आहेत ती. मेंदीपर्यंत कोणी हात लावायचा नाही.”

 रोज संध्याकाळी व्हायोलेटवहिनीच टबाशी बसून किडकी पानं खुडायची. मला वरून तिच्या हाताच्या चापट्या ऐकू यायच्या. एका दुपारी मी बादली घेऊन पाणी उपसायला गेले. दादाने बादली हिसकावली. “माझ्या दारात मला शिकवू नको.” त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

मेंदीच्या आदल्या दिवशी वहिनीला ताप भरला. दगदग झाली, दादा म्हणाला. दुसऱ्या दिवशी पानांना बेसन लावता लावता तिचा हात थांबला. दादाकडे बघून ती म्हणाली, “बाबा, होडी लागली का?” तिचे वडील जाऊन चाळीस वर्षं झाली होती. मी तिला आडवी करायला गेले, तर मान वाकेना.

अँब्युलन्स येईपर्यंत दादा अंगणात होता. टब त्याने एकट्याने उलथला आणि चिखलात तसाच उभा राहिला.

लग्न पुढे ढकललं नाही, आमच्यात ढकलत नाहीत. मंगळवारी दादा मांडवात आला, आशीर्वाद देऊन परत हॉस्पिटलात गेला. वहिनीने डोळे उघडलेच नाहीत.

व्हायोलेटवहिनी गुरुवारी, सात सप्टेंबर दोन हजार रोजी सकाळी वारली.