कमंडलूतली आग

मारुतीच्या पारासमोर त्या गुरुवारी एवढी गर्दी होती, की मारुतीला स्वतःलाही बाहेर येता आलं नसतं. सकाळची वेळ, कडाक्याची थंडी, बायका पदर कानावरून ओढून बसलेल्या, आणि पारावर घोंगडीवर ज्योतिर्गिरी महाराज. समोर त्यांचा कमंडलू. तो काचेचा होता. पितळी कडी काढून टाकली असती तर लोणच्याची बरणी म्हणून कोणीही ओळखला असता. त्यात काठोकाठ स्वच्छ पाणी. शेजारी ताटात खडीसाखर.

महाराज हिमालयातून आले होते. तिथं बारा वर्षं बर्फात बसून तप केलं असं त्यांचा चेला झुलाल सांगायचा. मी मूळचा धुळ्याचा, या निंबखेड्याच्या हायस्कुलात मराठी शिकवायला आलेला. महाराजांचं पहिलंच वाक्य ऐकलं आणि माझे कान टवकारले.

"पाप पोटमा ऱ्हास. वरथून बठ्ठा थंड दखातंस. पन मना कमंडलूले म्हाईत शे."

पाप पोटात असतं, वरून सगळे थंड दिसतात, पण माझ्या कमंडलूला माहीत आहे, असा त्याचा अर्थ. हिमालयात बारा वर्षं राहूनही त्यांचं आमच्या अहिराणीतलं 'शे' काही सुटलं नव्हतं.

प्रकरण असं होतं. जीवराम भाऊंच्या घरातून बेबावहिनींची सोन्याची पोत गेली होती. न्हाणीजवळच्या खुंटीला अडकवली होती, बाहेर येऊन पाहतात तर नाही. त्या दिवशी घरात धान्य पाखडायला कलाबाई आली होती. कलाबाई बौद्धवाड्यातली, चिंधाची बायको. जीवराम भाऊंच्या शेतात दोघं वर्षानुवर्षं कामाला. फौजदारापेक्षा महाराज बरे, असं घरात ठरलं, आणि संशयाच्या पाच-सात माणसांना पारावर बोलावलं.

रीत सोपी होती. महाराज ताट पुढं करायचे, माणसानं त्यातला खडा उचलून कमंडलूत टाकायचा. निष्पाप असेल तर पाणी पाण्यासारखंच राहणार. सालदारानं टाकला, काही झालं नाही. गुराख्यानं टाकला, काही झालं नाही. शेवटी कलाबाई आली. महाराजांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं, डोळे मिटले, आणि या वेळी ताट पुढं न करता स्वतःच्या हातानं तिच्या तळव्यावर खडा ठेवला.

तिनं तो टाकला. खडा पडला तिथून पाण्यात पांढरे काटे फुटले. बाभळीची फांदी वाढावी तसे ते सगळीकडं पसरले, आणि बघता बघता कमंडलूतलं पाणी दगड होऊन बसलं. महाराजांनी कमंडलू जीवराम भाऊंच्या हातात दिला. भाऊंनी घेतला आणि झटकन खाली ठेवला.

"गरम आहे," ते म्हणाले. "चांगला गरम आहे."

मग सगळ्यांनी हात लावला. मीही लावला. थंडीनं बोटं वाकडी झालेली, त्यांना तो कमंडलू चहाच्या कपासारखा लागला. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला.

"पोटनी आग बाहेर उनी," महाराज म्हणाले. कलाबाई नुसती आपल्या तळव्याकडं पाहत होती.

गर्दीतून आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या शिक्षिका पुढं आल्या. लीला तायडे. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या, बोलणं कमी आणि स्पष्ट. "महाराज, यात चुना आहे," त्या म्हणाल्या. "कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की ते तापतं."

महाराज हसले. "हळद आना," त्यांनी झुलालला सांगितलं. म्हणजे चुन्याची परीक्षा त्यांनाही ठाऊक होती. कोणीतरी ओली हळद आणून दिली. तायडे बाईंनी केसातला आकडा काढला, त्या दगडाचा चुरा खरवडून हळदीवर टाकला. चुना असता तर हळद लाल झाली असती. हळद पिवळीच राहिली.

लोक हसायला लागले. बाई थोडा वेळ हळदीकडं पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं. चुना नाही."

मास्तर माणसानं चारचौघांत चूक कबूल केलेली निंबखेड्यानं त्याआधी पाहिली नव्हती. खरं तर चमत्कार तोच होता, पण त्याला कोणी हात लावून पाहिलं नाही. एवढंच मी पाहिलं, की उरलेला चुरा बाईंनी रुमालात बांधला.

सरपंच अभिमन आबांनी निवाडा दिला. पुढच्या गुरुवारपर्यंत पोत आणून द्यायची, नाहीतर चिंधानं बायको घेऊन गाव सोडायचं. तोवर त्यांना कोणी कामाला बोलवायचं नाही.

संध्याकाळी तायडे बाई मला म्हणाल्या, "सर, चला माझ्याबरोबर." आम्ही कलाबाईकडं गेलो. चूल पेटलेली नव्हती. चिंधा बाहेर ओट्यावर बसला होता, त्यानं आमच्याकडं मान वर करूनही पाहिलं नाही.

"कलाबाई, तुम्ही घेतली नाही, हो ना?" बाईंनी विचारलं.

तिनं आपला तळवा पुढं केला. मग म्हणाली, "बाई, माह्याच हातानं खडा पडला. म्या डोयानं पाह्यलं. मले आता समजत नही. झोपीत घेतली का काय म्या? यायले बी तेच वाटते." तिनं ओट्याकडं मान केली.

परतताना बाई एकदम थांबल्या. "चोर नसलेल्या बाईला हा माणूस स्वतःवरच वहीम घ्यायला लावतो," त्या म्हणाल्या. "मी चुन्याच्या नादात मुख्य प्रश्न विचारलाच नाही."

"कोणता?"

"उष्णता आली कुठून? खाली जाळ नव्हता, कोणी घासलं नाही, ढवळलं नाही. मग ती आत होती. महाराज म्हणतात ना, आग पोटातच होती? त्यांचं ते वाक्य खरं आहे, फक्त पोट चुकलंय. आणि आत होती तर ती आत कधीतरी घातली असणार. फुकट कोणी देत नाही, निसर्ग तर मुळीच नाही. आता ती कधी घातली ते शोधायचं."

ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. महाराज उतरले होते शाळेमागच्या धर्मशाळेत. दुसऱ्या दिवशी सकाळी झुलाल अंगणात चुलीवर पातेलं चढवून बसला होता, पातेल्यात गरम पाणी, आणि पाण्यात कमंडलू. बाईंनी कुंपणावरूनच विचारलं, काय चाललंय.

"कमंडलूले गंगास्नान," झुलाल म्हणाला. दगडाचं पुन्हा पाणी होईपर्यंत ते स्नान चाललं. मग त्यानं कमंडलूवर स्वच्छ फडकं बांधलं आणि धक्का न लावता सावलीत ठेवून दिला, निवायला.

शाळेच्या प्रयोगशाळेत बाईंनी रुमालातला चुरा काढला. थोडा पळीत धरून तापवला. साखर असती तर काळी पडली असती, खमंग वास आला असता. हा वितळून पाणी झाला. उरलेला पाण्यात विरघळवून त्यात आम्लाचे थेंब टाकले. थोड्या वेळानं परीक्षानळी ताकासारखी पांढुरकी झाली आणि काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास सुटला. बाई पहिल्यांदाच हसल्या.

"हायपो," त्या म्हणाल्या. "फोटोवाले फोटो धुवायला वापरतात ते. चला जामनेरला."

जामनेरच्या फोटो स्टुडिओत हायपोची पिशवी समोर आली, तेव्हा मला खडीसाखर वाटली. तोच रंग, तोच आकार. दुकानदार म्हणाला, "हल्ली बराच खपतोय. ते महाराज आहेत ना, त्यांचा माणूसही नेतो. मठात फोटोचं काम काढलंय म्हणे."

पुढचे दिवस बाई शाळा सुटली की प्रयोगशाळेत बसायच्या. पहिल्या खेपेला सगळं आपोआपच गोठलं, कारण भांड्याला एक कण चिकटलेला राहिला होता. दुसऱ्या खेपेला जमलं. वितळलेला हायपो निवला, पार थंड झाला, तरी पाण्यासारखा पातळच राहिला. त्यांनी त्यात हायपोचा एक कण टाकला आणि मला हात लावायला सांगितलं. पारावर आला होता तसा काटा या वेळी आला नाही. आनंद मात्र झाला.

गुरुवारी गर्दी मागच्यापेक्षा जास्त होती, आणि पारावर महाराज कमंडलू आणि खडीसाखरेचं ताट मांडून बसले होते. चमत्कार बघायला माणसं येतात, पण कोणाला गावाबाहेर काढतात ते बघायला त्याहून जास्त येतात. कलाबाई आणि चिंधा एका बाजूला उभे होते. चिंधानं बोचकं बांधूनच आणलं होतं.

तायडे बाई काचेचं भांडं घेऊन पारापाशी आल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "बाई आपल्या समाजाच्या माणसाची बाजू घेऊ राह्यल्या."

"मागच्या वेळी हळद माझ्या विरुद्ध गेली, तेव्हा मी हळदीची बाजू घेतली होती," बाई म्हणाल्या. "आजही जे दिसेल त्याचीच घेईन. अभिमन आबा, पुढं या. पोत तुम्ही घेतलीत का?"

आबा चिडले. "काय बोलता बाई?"

"मग घाबरायचं कारण नाही. हा खडा यात टाका."

गावासमोर नाही म्हणणं सरपंचाला शोभणारं नव्हतं. आबांनी खडा टाकला. पांढरे काटे फुटले, पाण्याचा दगड झाला. बाईंनी भांडं बेबावहिनींच्या हातात दिलं.

"गरम आहे," बेबावहिनी हळूच म्हणाल्या आणि आबांकडं पाहू लागल्या. हळूहळू सगळा गाव आबांकडं पाहू लागला. आबांचा चेहरा असा झाला, की मागच्या गुरुवारी कलाबाईला काय वाटलं असेल ते निंबखेड्यात कोणाला कळलं असेल तर त्यांनाच.

"आबा चोर नाहीत," बाई म्हणाल्या. "आता कलाबाई, या ताटातला तुम्हाला हवा तो खडा घ्या आणि महाराजांच्या कमंडलूत टाका."

कलाबाईनं टाकला. काही झालं नाही. दुसरा टाकला. पाणी पाणीच राहिलं.

"मागच्या वेळी सगळ्यांनी खडा ताटातून घेतला. हिलाच तुम्ही स्वतःच्या हातानं दिलात, महाराज. तसला खडा तुमच्या कनवटीला अजून असेल. तो काढा आणि प्रसाद म्हणून खा. साखरच आहे ना?"

महाराजांनी मान हलवली. "आज मना उपास शे."

"खडीसाखर उपासाले चालते, महाराज," बेबावहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात झुलाल हळूच पारावरून खाली उतरलेला मी पाहिला. जीवराम भाऊंनी महाराजांची कनवट सोडवली. चार खडे निघाले. बाईंनी त्यातला एक उचलून कमंडलूत टाकला आणि महाराजांची हिमालयातली बारा वर्षं सगळ्यांसमोर गोठून गेली.

मग बाईंनी समजावून सांगितलं. "हे फोटो धुवायचं रसायन आहे. ते चुलीवर वितळतं तेव्हा चुलीची उष्णता पीत राहतं. ती उष्णता खडा फोडून पातळ करण्यात जाते आणि त्या पातळ द्रवात साठून राहते. पुस्तकात तिला अंतर्गत ऊर्जा म्हणतात. मग तो द्रव न हलवता निवत ठेवला तर हाताला थंड लागतो, पण गोठायला त्याच्याच जातीचा एक कण लागतो. काकवीत दाणा पडला की ती रवाळ होते, तसंच हे. कण पडला की सगळं गोठतं आणि साठलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर येते. हाताला कळतं ते फक्त तापमान. आत किती साठलंय ते हाताला कळत नाही. जेवढं झुलालच्या चुलीतून आत गेलं, त्याहून तसूभरही जास्त बाहेर आलं नाही. त्यात ना कोणाचं पाप होतं, ना पुण्य."

"पन मंग महाराजाले कलाबाईच कशी सापडली?" एका म्हातारीनं विचारलं.

बाई वळल्या. त्या जीवराम भाऊंकडं पाहत राहिल्या.

"झुलालनं विचारलं होतं," भाऊ शेवटी म्हणाले. "कोनावर वहीम हाये म्हनून. आमीच नाव सांगतलं."

म्हणजे महाराजांनी चोर शोधलाच नव्हता. गावानं मनात ठरवलेलं नाव त्यांनी गरम करून गावालाच परत दिलं होतं.

अभिमन आबा घसा खाकरून म्हणाले, "बरं, झालं गेलं. महाराजांना एसटीत बसवून द्या. कलाबाई, तू उद्यापासून कामावर जा."

कलाबाई जागची हलली नाही. "आबा, महाराज जातीन नहीतर राह्यतीन, मले त्याचं काय. माह्यं नाव चार गावात गेलं. ते मागं कोन आननार?"

आबा कोतवालाला एसटीची वेळ विचारू लागले. चिंधानं मात्र बोचकं खाली ठेवलं आणि बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "दवंडी द्या," तो म्हणाला. "चोर म्हनून जितकी माणसं गोया केली व्हती तितक्यायले सांगा."

दुपारी कोतवालानं दवंडी दिली. कलाबाईवरचा आळ खोटा होता, असं गावानं कबूल केलं. शेजारच्या गावांत जीवराम भाऊ स्वतः जाऊन सांगून आले, कारण बेबावहिनींनी त्यांना तोवर जेवायला वाढलं नाही. कलाबाई त्यांच्या शेतात पुन्हा गेली नाही. दुसऱ्याच्या मळ्यात केळीच्या कामाला लागली.

पोत शेवटपर्यंत सापडली नाही. ती कोणी घेतली हे मला माहीत नाही, तायडे बाईंनाही नाही, आणि ठाऊक नसताना नाव घ्यायचं नाही एवढं त्या खेपेला गाव शिकलं.

वाचकहो, कुठं पाणी पेटलं, दगड बोलला, राख गोड झाली असं ऐकलंत तर बघायला जरूर जा. हात लावून बघा. पहिला तर्क चुकला तर चुकला म्हणा आणि दुसरा करा. आग दिसली तर ती आत कधी गेली ते विचारा. आणि त्या आगीपुढं एखादा माणूस उभा केलेला असेल, तर आधी त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा, आणि त्याचं नाव कोणी सुचवलं ते मोठ्यानं विचारा.