गप्प बसायची नोकरी

आमच्या बेटावरच्या मोंतान्य ब्लांश गावात माझी ख्याती अशी, की कुंती समोरून येताना दिसली की घाईत असलेली माणसं रस्ता बदलायची. म्हणून एकोणऐंशी साली मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली तेव्हा बा म्हणाला, "बरं झालं! आता बोलायचे पैसे मिळतील."

कसलं बोलायचं, डोंबल! दिवसभर दोनच शब्द: "नंबर?" आणि "बोला." सगळी दुनिया माझ्या कानात भांडतेय, लग्नं ठरवतेय, आणि मी मधे तोंड घालायचं नाही! एकदा एक बाई नणंदेला लोणचं चुकीचं सांगत होती. "अहो, मोहरी आधी वाटा!" गेलं तोंडातून निसटून. मादाम सुपरवायझरने दम भरला: पुन्हा असं झालं तर घरी.

संध्याकाळी घरी आले की माझा बांध फुटायचा. आई गेल्यापासून घरात मी आणि बा, दोघंच. तो उसात खुरपून दमून आलेला, जेवता जेवता माझी बडबड ऐकत बसायचा.

सहा महिन्यांनी नोकरी कायम झाल्याचं पत्र आलं. पगार सहाशे रुपये! त्याच शनिवारी रोझ हिल शहरात एका कापडाच्या दुकानात शिरले आणि मालकाच्या आधी मीच तीन बायकांच्या गळ्यात साड्या मारल्या. मालक सुरेंद्रभाऊ हसत सुटले. "येतेस का कामाला? पण साडेतीनशेच देईन हं."

मी क्षणभरही विचार केला नाही. एक्स्चेंज सोडलं!

बाला मात्र भीतभीतच सांगितलं. "अडीचशे कमी?" एवढंच म्हणाला आणि उठून अंगणात गेला.

दुकानात नुसती धमाल! नवऱ्या, सासवा, मावश्या, सगळ्यांशी अखंड बोलायचं. घरी पोचेपर्यंत घसा बसलेला. मुकाट जेवायचं आणि झोपायचं. पंधरा दिवस झाले, बाचा चेहरा उतरलेलाच. शेवटी माझं डोकं फिरलं.

"बा, हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण तोंड पाडून बसू नकोस! पैसे कमी झाले म्हणूनच ना?"

"पैसे घाल चुलीत," बा म्हणाला. "तिकडे परत घेतात का बघ. घरात कुणी बोलतच नाही गं आता."

आयो! बसलेल्या घशातून धड आवाज फुटत नव्हता. तरी त्याच्याजवळ पाट ओढला आणि सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकापासून सुरुवात केली.